कोऱ्या बरणीतला ‘जीव’ : नाशिकमधल्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

एन्सेलॅडस हा शनीचा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण सतत बाहेर उडत असतात, हे कॅसिनी यानाने २००५ मध्ये दाखवून दिलं. पुढे त्या फवाऱ्यात मीठ सापडलं, सेंद्रिय रेणू सापडले, २०१७ मध्ये हायड्रोजन जाहीर झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला यान शनीच्या वातावरणात जळून गेलं, पण त्याने पाठवलेल्या नोंदी चाळणं थांबलं नाही आणि २०२३ मध्ये त्यांतून फॉस्फेटही निघालं. पाणी आहे, ऊर्जा आहे, अन्नद्रव्यं आहेत. आता तिथला एखादा बर्फकण हाती आला, तर त्यात जीव होता हे कशावरून म्हणायचं?

या प्रश्नाचा एक छोटासा तुकडा आमच्या महाविद्यालयातल्या एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी घेतला. एक सूक्ष्मजीवशास्त्राची, निफाडकडची, घरी द्राक्षबाग. दुसरी रसायनशास्त्राची, सिन्नरची. मी त्यांची मार्गदर्शक. चार बरण्यांतलं गोठवलेलं खारं पाणी तपासायचं आणि कोणत्या बरणीत जीव आहे ते फक्त रसायनांवरून सांगायचं, इतकंच काम होतं. चारपैकी दोन बरण्यांचा निकाल चुकला. तो का चुकला, हे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण बर्फाळ चंद्रांवरच्या शोधाची खरी अडचण त्यातच आहे.

नियम आधी, बरण्या नंतर

जैवखूण, म्हणजे जीवाची रासायनिक खूण, म्हणून त्यांनी मेदाम्लं निवडली. पेशीचं आवरण मेदाम्लांचं बनतं, आणि ती बनवण्याची पेशीची रीत ठरलेली आहे: साखळी वाढते ती दोन-दोन कार्बनांच्या टप्प्याने. म्हणून सजीवांत १४, १६, १८ अशा सम संख्येची मेदाम्लं भरपूर आणि विषम संख्येची कमी दिसतात. जीव नसतानाही मेदाम्लं बनू शकतात. समुद्रतळाखाली तापलेल्या खडकात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन खनिजांच्या पृष्ठभागावर एकत्र आले की फिशर-ट्रॉप्श प्रकारच्या अभिक्रियेत साखळी एकेका कार्बनाने वाढते. तिथे सम-विषम असा भेद राहत नाही, सगळ्या लांब्या मिळतात आणि साखळी लांबत जाईल तसं प्रमाण घटत जातं. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतली कार्बॉक्सिलिक आम्लंही याच घटत्या क्रमाची आहेत, आणि त्यांत एकाच सूत्राची शक्य ती सगळी रूपं हजर असतात.

या दोन नमुन्यांतला फरक बर्फकणांत ओळखता येतो का, हे जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी प्रयोगशाळेत पाहिलं आहे. फाबियान क्लेनर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये अलास्काजवळच्या थंड समुद्रातला स्फिंगोपिक्सिस अलास्केन्सिस हा इवलासा जीवाणू घेतला. बर्फकण यानावर आदळल्यावर जे घडतं ते पाण्याच्या बारीक धारेवर लेसर मारून घडवता येतं. एका कणात एका पेशीचा शंभरावा भाग असला तरी तिच्या मेदाम्लांच्या खुणा दिसू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यातली मेख अशी की यानावरचं उपकरण एकेक कण सुटा वाचतं. पेशी एखाद्याच कणात असली, तरी बाकीच्या कणांच्या पाण्यात ती विरघळून हरवत नाही.

आमच्याकडे असं उपकरण नव्हतं. मिळाला तो जीसी-एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, आणि त्यावर नमुना चालवायचा तर लाखो पेशी लागतात. पण मास स्पेक्ट्रोमीटर ही नाशिकला परकी वस्तू नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, अंशांवरून युरोपने भारतीय द्राक्षं अडवली तेव्हापासून जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ‘रेसिड्यू’ हा रोजचा शब्द झाला आहे. किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही.

बरण्या भरल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्याने. कशात काय आहे ते कागदावर लिहून पाकीट बंद केलं आणि विभागाच्या कपाटात ठेवलं. मुलींनीही पाकीट उघडण्याआधी पाळायचा नियम लिहून माझ्याकडे दिला. सम संख्येच्या मेदाम्लांची बेरीज विषम संख्येच्या बेरजेच्या कित्येक पट असेल, तर ‘जीव’. दोन्ही सारखी असतील आणि प्रमाण लांबीबरोबर घटत असेल, तर ‘निर्जीव’. मधलं काही आलं, तर ‘अनिश्चित’. निकाल पाहून नियम बदलायचा नाही, हे त्यांनी स्वतःहून खाली लिहिलं होतं. मला ते फार आवडलं.

चार आलेख

बरणीतला बर्फ खरवडून वितळवायचा, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मिथेनॉल घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं, मग आम्ल घालून मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करायचे आणि ते हेक्झेनमध्ये ओढून घ्यायचे. सुईने एक मायक्रोलिटर आत सोडलं की पुढचा अर्धा-पाऊण तास पडद्याकडे पाहत बसायचं. सपाट रेघ चालत राहते, आणि मग एकामागून एक शिखरं उठतात. लहान साखळ्या आधी, लांब नंतर.

‘ड’ बरणीबद्दल कुणालाच शंका राहिली नाही. १६ आणि १८ कार्बनांची, त्यांतही एकेक दुहेरी बंध असलेली मेदाम्लं उंचच उंच. ‘अ’ मध्ये ८ पासून २० पर्यंत सगळी, एकेका पायरीने उतरत गेलेली. तिला ‘निर्जीव’ म्हटलं.

‘ब’ चा आलेख जवळजवळ सपाट होता. पण १६ कार्बनांचं पामिटिक आणि १८ कार्बनांचं स्टिअरिक आम्ल ही दोन शिखरं स्पष्ट उभी होती, आणि मधल्या १७ च्या जागी काहीच नव्हतं. सिन्नरची मुलगी हरखून म्हणाली, “मॅडम, क्लेनरांच्या पेपरात जे व्हायला हवं तेच आहे हे. थोडंसंच आहे, पण जोड्या एकदम स्वच्छ.”

‘क’ मध्ये सगळ्यांत मोठं शिखर १५ कार्बनांचं होतं. एक नाही, दोन, एकमेकांना खेटून. मग १७ वर तशीच जोडी. सम संख्येची मेदाम्लं किरकोळ. निफाडची मुलगी बराच वेळ त्या आलेखाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, हे मला ओळखीचं वाटतंय. पण आपल्या नियमात बसत नाही.” मी विचारलं, काय वाटतंय? ती म्हणाली, “ते नाही सांगत. नियमाने जे येतंय तेच लिहिते.”

त्यांनी लिहिलं: ‘अ’ निर्जीव, ‘ब’ जीव (अल्प), ‘क’ अनिश्चित, ‘ड’ जीव.

पाकिटात होतं: ‘अ’ मध्ये बाटलीतली शुद्ध मेदाम्लं उतरत्या प्रमाणात मिसळलेली. ‘ड’ मध्ये वाईनसाठी वापरतात ते यीस्ट. ‘क’ मध्ये बॅसिलस सबटिलिस, भुरीसाठी द्राक्षबागेत फवारतात त्या जैविक औषधातून वाढवून, धुऊन घेतलेला. आणि ‘ब’ मध्ये ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेलं, मिठाचं पाणी. बाकी काही नाही.

कोरी बरणी कोरी का नव्हती

मुलींनी यंत्र तपासलं नव्हतं असं नाही. दर वेळी नमुन्याआधी नुसतं हेक्झेन चालवून पाहिलं होतं आणि रेघ सपाट होती. पण त्याने फक्त यंत्र आणि हेक्झेन स्वच्छ आहे एवढंच कळतं. बरणीपासून सुईपर्यंतच्या प्रत्येक पायरीतून रिकामं पाणी नेलं, तर वाटेत त्याला काय काय चिकटतं, हे त्याने कळत नाही. ‘ब’ बरणी हाच तो पूर्ण प्रक्रियेचा ब्लँक, म्हणजे कोरा नमुना, होता, आणि तो त्यांना ब्लँक आहे हे माहीत नसताना दिला गेला. माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत हुशारीचा निर्णय त्या सहकाऱ्याचा होता.

मग शोध सुरू झाला. एकेक पायरी वाढवत नवे ब्लँक चालवले. नुसती काचेची बरणी, मग बरणी आणि मिथेनॉल, मग त्यात प्लॅस्टिकच्या टिपेने ओढलेलं मिथेनॉल. टिपा आणि प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या तशी दोन्ही शिखरं वर चढली. प्लॅस्टिक घडवताना साच्याला चिकटू नये म्हणून त्यात स्टिअरेट वापरतात, आणि बाजारातलं स्टिअरिक आम्ल बहुधा पामिटिकचं मिश्रण घेऊनच येतं. दुसरा वाटा बेसिनवरच्या साबणाचा निघाला. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षारच. त्यात पामतेल असेल, तर त्या तेलातली चाळीस टक्क्यांहून जास्त मेदाम्लं एकट्या पामिटिकचीच असतात.

म्हणजे मुलींनी वाचलेली खूण खोटी नव्हतीच. १६ आणि १८ ची ती जोडी खरोखरच एका सजीवाने बांधली होती. तो सजीव बहुधा पामचं झाड होता, किंवा चरबी देणारं एखादं जनावर. पृथ्वीवर मेदाम्लांची खूण इतकी सर्वत्र पसरली आहे की कोरेपणा मिळवावा लागतो, तो आपोआप येत नाही.

ऑटोक्लेव्हचंही तसंच. १२१ अंशांची वाफ जीवाणू मारते, त्यांची मेदाम्लं जागच्या जागी राहतात. निर्जंतुक आणि स्वच्छ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे मी वर्गात दर वर्षी सांगते, पण ते पटतं असं आलेखावर दिसल्यावरच. प्रयोगशाळेतल्या दादांनी यावर सरळ उपाय सांगितला: “ताई, काचेची भांडी मफल भट्टीत ४५० ला टाका, रात्रभर. झाकणांचं रबर आधी काढून ठेवा, नाहीतर तेच जळून बसेल.” त्यानंतर प्लॅस्टिक पूर्ण बंद केलं, काच भाजून घेतली, हातमोजे घालूनही काचेच्या आतल्या बाजूला स्पर्श करायचा नाही असं ठरलं. ‘ब’ ची शिखरं खूप खाली आली. शून्य झाली नाहीत. ती रोज सारखीही राहिनात, त्यामुळे एकच ब्लँक वजा करून भागत नव्हतं. शेवटी प्रत्येक फेरीत अनेक ब्लँक चालवायचे, त्यांची सरासरी काढायची, तिच्यात प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवायची आणि त्याखालचं काहीही ‘सापडलं’ म्हणायचं नाही, असं ठरलं. द्राक्षांच्या रेसिड्यू चाचणीतही ब्लँकवरून शोधमर्यादा अशा तऱ्हेने काढता येते.

विषम संख्येचा जीव

‘क’ बरणीची गोष्ट मला ‘ब’ पेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. ब्लँक सुधारता येतो. ‘क’ मध्ये चुकला होता तो नियम.

बॅसिलस मेदाम्लं बनवतो ती शाखायुक्त. साखळीची सुरुवात तो दोन कार्बनांनी न करता ल्युसीन, आयसोल्युसीन किंवा व्हॅलीन या अमिनो आम्लांपासून आलेल्या तुकड्याने करतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीनपासूनचा तुकडा ५ कार्बनांचा असतो. त्यावर पुढे दोन-दोनच कार्बन चढतात, पण ५ पासून निघाल्यामुळे बेरीज १५ आणि १७ येते. माळेतला पहिला मणी मोठा असेल तर पुढच्या जोड्या तशाच ओवल्या तरी लांबी वेगळी भरते, तसं. आलेखात खेटून उभी असलेली दोन शिखरं म्हणजे आयसो आणि अँटिआयसो ही त्याच १५ कार्बनांची दोन रूपं. सूक्ष्मजीवशास्त्रात मेदाम्लांच्या आलेखावरून जीवाणू ओळखण्याची पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे निफाडच्या मुलीने ते ओळखलं यात नवल नाही.

पण तिने ते सांगायला नकार दिला, आणि त्या नकाराने प्रश्न नेमका झाला. तिने ओळखलं कारण पृथ्वीवरचा बॅसिलस तिने आधी पाहिला होता. एन्सेलॅडसच्या बर्फाखालच्या समुद्रातलं काहीही आपण कधीच पाहिलेलं नाही. तिथे ओळखीचा उपयोग नाही, नियमच लागतो, आणि ‘सम म्हणजे जीव’ हा नियम बारकाईने पाहिलं तर आपल्या ओळखीच्या बहुसंख्य जीवांचं वर्णन आहे. आवरणाचं बोलायचं तर पृथ्वीवरच्याच आर्किआंमध्ये, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या एकपेशी सूक्ष्मजीवांमध्ये, मेदाम्लं मुख्य घटक नसतात, आयसोप्रीनच्या ५-५ कार्बनांच्या तुकड्यांपासून झालेल्या साखळ्या असतात. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव याच गटातले. एन्सेलॅडसवर हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन तिन्ही आहेत म्हणून ज्यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, ते हेच. म्हणजे सर्वांत संभाव्य पाहुण्यालाच हा नियम ओळखणार नव्हता.

मुलींनी नियम नव्याने लिहिला तेव्हा सम-विषम हे शब्द त्यातून गेले. आता त्या असं विचारतात: शक्य असलेल्या सगळ्या साखळ्यांपैकी मोजक्याच सापडतात का, आणि त्या मोजक्यांमध्ये ठरावीक टप्प्याचं अंतर आहे का? मर्चिसनमध्ये सगळी रूपं आहेत. यीस्टमध्ये चार-पाच, बॅसिलसमध्येही मोजकीच, आर्किआंमध्ये आणखी वेगळी पण मोजकीच. जीव निवड करतो, आणि टप्पा दोनचा असो की पाचचा, तो पाळतो.

या नियमाने ‘क’ सुटली. पण ‘ब’ च्या बाबतीत नवा नियमही तेच म्हणाला असता: मोजकी रूपं, दोनचा टप्पा, जीव. कुठलाही नियम कितीही चांगला केला, तरी ब्लँकचा प्रश्न तो सोडवत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे सोडवावे लागतात.

हे तिकडे कसं लागू होतं

कॅसिनीच्या धूलिकण विश्लेषकात कण ऱ्होडियमच्या ताटलीवर आदळून फुटत असत, आणि त्या ताटलीवरच पृथ्वीवरून आलेला थोडा मळ होता. त्याचे हायड्रोजन आणि कार्बनचे संकेत कणांच्या संकेतांत मिसळत. फ्रँक पोस्टबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दोन्ही वेगळे कसे काढायचे यावर पूर्ण निबंधच लिहिला. फॉस्फेटचा शोध लावणाऱ्या गटाचे प्रमुखही पोस्टबर्गच. आधी आपला मळ ओळखायचा, मग तिकडचं काही सांगायचं, हा क्रम मला त्या दोन निबंधांत दिसतो.

उलट उदाहरणंही आहेत. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये मिळालेल्या मंगळावरच्या एएलएच ८४००१ या दगडात जीवाच्या खुणा असल्याचं १९९६ मध्ये जाहीर झालं. १९९८ मध्ये त्यातली अमिनो आम्लं अंटार्क्टिकाच्या बर्फातून शिरलेली असल्याचं दाखवलं गेलं. अंटार्क्टिकातल्याच, बर्फाखाली गाडलेल्या व्होस्टोक सरोवरावरच्या बर्फात खोदताना भोक उघडं राहावं म्हणून केरोसीन भरलेलं होतं. त्या बर्फात सापडलेले जीवाणू सरोवराचे की केरोसीनचे, हा वाद वर्षानुवर्षं चालला.

बॅसिलसचा संबंध तर आणखी जवळचा. यान जोडण्याच्या स्वच्छ खोल्यांत टिकून राहणाऱ्या जीवाणूंत बॅसिलसचे बीजाणू आघाडीवर असतात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अशाच खोलीत बॅसिलस प्युमिलसचा एक फार चिवट वाण सापडला. युरोपा या गुरूच्या बर्फाळ चंद्राच्या एखाद्या बर्फकणात १५ कार्बनांची ती जुळी शिखरं उद्या दिसली, तर जाणकार माणूस आधी स्वतःच्या यानाकडे संशयाने पाहील. त्याने तसंच पाहावं.

त्या चंद्राकडे जाणारं नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं आणि २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणार आहे. त्यावरचं सुडा हे उपकरण बर्फकण फोडून त्यांचे धन आणि ऋण दोन्ही आयन मोजू शकतं. कॅसिनीला फक्त धन आयन मोजता येत. मेदाम्लं ऋण आयनांच्या रूपात जास्त सहज दिसतात, म्हणून ही सोय महत्त्वाची. पण सुडाला आयसो आणि अँटिआयसो वेगळे करता येणार नाहीत, दोघांचं वस्तुमान एकच. जे आम्हाला नाशिकमध्ये दोन शिखरांत दिसलं, ते तिथे एकाच शिखरात मिळेल. टप्प्याचं अंतर मात्र दिसेल.

अहवालात मुलींनी पहिला निकाल खोडला नाही. पहिला तक्ता तसाच छापला, शेजारी दुसरा. ‘ब’ समोर आता लिहिलं आहे: ‘मेदाम्लं आढळली, ब्लँकच्या मर्यादेत, निष्कर्ष नाही’. ‘क’ समोर: ‘मोजकी रूपं, दोनचा टप्पा, ब्लँकहून वेगळा नमुना, जैविक उगम संभवतो, दुसऱ्या खुणेची गरज’. “जीव आहे असं थेट का नाही लिहिलं? पाकीट तर उघडलं आहे,” असं एका परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं. सिन्नरच्या मुलीने उत्तर दिलं, “सर, तिकडे पाकीट नसेल ना.”

दुसरी खूण म्हणून अमिनो आम्लं घ्यायची ठरली आहेत. निर्जीव रसायनात सर्वांत साधं ग्लायसीन बहुधा सर्वांत जास्त असतं, सजीवांत बाकीच्यांचं प्रमाण त्याच्या तुलनेत चढतं. अडचण मिठाची आहे. खाऱ्या पाण्यात सोडियम या रेणूंना चिकटून त्यांची शिखरं सरकवतो आणि दाबतो, एन्सेलॅडसचा समुद्र खारा आहे, आणि द्राक्षांच्या रसासाठी बसवलेल्या पद्धती इतकं मीठ सहन करत नाहीत. पुढच्या तुकडीने त्यापासून सुरुवात केली आहे. पहिल्या फेरीत बरण्या पाचच आहेत, आणि त्यांतल्या तीन कोऱ्या आहेत.